एका घरापुरते वादळ



आजचा विषय फलकावर लागल्यापासून गावातल्या अनेकांनी आम्हांस एकच प्रश्न केला. समुद्र आपल्या टेंभुर्णीपासून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. मग चक्रीवादळाचे व्याख्यान येथे कशाला? प्रश्न रास्त आहे. जाफराबाद तालुक्यातल्या माणसाला वावटळ ठाऊक असते, गारपीट ठाऊक असते, आणि शेडनेटची जाळी फाटून शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पडते तो वळवाचा वाराही ठाऊक असतो. चक्रीवादळ हे मात्र आपल्या दृष्टीने वर्तमानपत्रातले संकट. आमच्याही घरात ते वर्तमानपत्रातलेच होते. 2020 च्या जूनमध्ये ते घरात शिरले, कारण त्या वेळी आमच्या घराचा अर्धा भाग कोकणात होता.

आपल्याकडचे कितीतरी तरुण शिक्षक कोकणातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी करतात आणि वर्षानुवर्षे बदलीची वाट पाहतात, हे आपणांस सांगावयास नको. आमचा धाकटा भाऊ त्यांपैकीच एक. श्रीवर्धन तालुक्यातल्या समुद्रकाठच्या एका गावात तो, त्याची पत्नी आणि दोन मुले भाड्याच्या घरात राहत. त्या वर्षी मार्चमध्ये आई नातवंडांना भेटावयास म्हणून चार दिवसांसाठी गेली, आणि करोनाच्या टाळेबंदीने तेथेच अडकली. शाळा बंद, एस. टी. बंद, जिल्ह्याच्या वेशी बंद. अशा स्थितीत वादळ आले.

त्या वादळाविषयी जे सर्वांस ठाऊक आहे ते थोडक्यात सांगून टाकू. मे महिन्यात अमफान नावाचे वादळ बंगालच्या किनाऱ्यावर येऊन गेले होते. जूनच्या पहिल्या तारखेस अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र बळावले, दुसऱ्या तारखेस त्याचे चक्रीवादळ झाले, आणि तिसऱ्या तारखेस, म्हणजे बुधवारी, दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर चढले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर आणि झोत त्याहून अधिक. संध्याकाळपर्यंत त्याचा जोर ओसरला, आणि दुसऱ्या दिवशी विदर्भ-मध्य प्रदेशाच्या बाजूस ते विरून गेले. त्याचे नाव ‘निसर्ग’. हे नाव बांगलादेशाने सुचविलेले होते, आणि तेरा देशांनी मिळून केलेल्या नव्या यादीतले ते पहिले नाव. संकटाचे नावच निसर्ग ठेवल्यावर तक्रार करावयाची कोणाकडे, असे आमच्या आईने पुढे एकदा विचारले होते.

मुंबईवर येणारे वादळ दक्षिणेकडे सरकले आणि मुंबई वाचली, म्हणून त्या रात्री सर्व देशाने सुटकेचा निःश्वास टाकला. वादळ हुकले, असे म्हटले गेले. ज्यांच्यावर ते हुकले नाही त्यांचे दूरध्वनी बंद होते.

आम्ही टेंभुर्णीस बसून फोन लावीत होतो. पाच दिवस काही कळले नाही. त्या पाच दिवसांविषयी बोलण्यासारखे काही नाही. सहाव्या दिवशी भाऊ कोणाच्या तरी मोटारसायकलीवर बसून, वाटेतली पडलेली झाडे ओलांडीत, माणगावच्या पुढे महामार्गाला लागला. तेथे कोठेतरी रेंज मिळाली. तो एवढेच बोलला, “दादा, सगळी आहोत. घर नाही.”

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही येथे उभे आहोत तिच्याकडे येतो. आमच्या भावजयीस दुधाचा आणि वाण्याचा हिशेब दोनशेपानी वहीत लिहून ठेवण्याची सवय. तीन जूनच्या रात्री, दप्तरात कोरडी राहिलेली ती वही काढून, विजेरीच्या उजेडात तिने दुधाच्या हिशेबाखालीच दिवसाची हकीकत लिहिली. पुढे जवळजवळ दीड वर्ष ती लिहीत गेली. लेखिका होण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. कोणी विचारले तर सांगता यावे, एवढाच हेतू. ती वही आम्ही तिच्या अनुमतीने येथे आणली आहे, आणि पुढे जे सांगणार आहोत ते बहुतेक तिच्याच आधाराने.

घर कौलारू, जांभ्या दगडाचे. पुढच्या भागात घरमालकीण राहत. वय सत्तरीच्या पुढे, मुले मुंबईस. त्यांना सारे काकू म्हणत. मागच्या भागात आमची मंडळी. भोवती पोफळीची आणि नारळीची वाडी. पोफळ म्हणजे सुपारीचे झाड. आपल्याकडे सुपारी अडकित्त्यात भेटते, झाड सहसा दिसत नाही. हाताच्या कवेत मावेल एवढे खोड आणि चाळीस-पन्नास फूट उंची. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव मोठे आहे, आणि तेथे कृषि विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही आहे. त्या भागात वाडी म्हणजे घराचे निवृत्तिवेतन. ती एकदा लावली की दोन पिढ्या खातात.

दोन तारखेस संध्याकाळी ध्वनिक्षेपक लावलेली गाडी फिरली. अगदी काठावरच्या लोकांना शाळेत हलविले. आमची मंडळी काठापासून थोडी आत आणि घर पक्के, म्हणून घरीच राहिली. सकाळी वीज बंद करण्यात आली. अकरा वाजून दहा मिनिटे झाली असता, असे वहीत आहे, मागच्या पडवीचा पहिला पत्रा उडाला. वारा डोंगराच्या बाजूने, म्हणजे आग्नेयेकडून येत होता. समुद्राचे वादळ समुद्राकडून येईल अशी सर्वांची कल्पना, आणि वारा येतो आहे पाठीमागून! यामुळे मंडळी प्रथम गोंधळली. वास्तविक त्यात आश्चर्य नाही. चक्रीवादळ ही एक प्रचंड फिरती घिरटी असते. आपल्या गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. ती नैर्ऋत्येकडून आपल्या अंगावर चालून येत असली म्हणजे तिचा पुढचा काठ आपल्याला आग्नेयेचा वारा देतो, आणि ती ओलांडून गेली म्हणजे मागचा काठ वायव्येचा. हेन्री पिडिंग्टन नावाच्या कलकत्त्यातल्या एका इंग्रजाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गलबतांच्या रोजनिश्या तपासून हे प्रकरण अभ्यासिले, आणि 1848 साली सापाच्या वेटोळ्याच्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हे नाव त्यानेच दिले. आज जगभर चालणारा हा शब्द आपल्या देशात जन्मला आहे.

मागची खोली मोठी आणि स्वतंत्र, म्हणून मंडळी तेथे बसणार होती. काकूंनी त्यांना पुढे बोलावून घेतले. देवघराशेजारी कोठीची खोली होती. खिडकी नाही, वर लाकडी माळा, चारी बाजूंना जांभ्याच्या जाड भिंती. सहा माणसे त्या खोलीत शिरली आणि दाराला तांदळाचे पिंप लावून भाऊ त्याला पाठ देऊन बसला. आईच्या म्हणण्याप्रमाणे बाहेर पोफळी मोडण्याचा आवाज तुराट्या मोडल्यासारखा येत होता. फक्त एकेक तुराटी पन्नास फुटांची. मुले प्रथम रडली आणि मग मोजू लागली. थोरल्याने एकशेचाळीसपर्यंत मोजल्याचे वहीत आहे. तेथे त्याला झोप लागली. भीतीने माणूस झोपतो हे आम्हांस त्या वहीने शिकविले.

एक वाजून पाच मिनिटांनी वारा पडला. पाऊससुद्धा भुरभुर. भाऊ दार उघडून बाहेर जाऊ लागला. काकूंनी त्याचा हात धरला. म्हणाल्या, “मास्तर, बसा. वारा परततो.” त्यांनी स्वतः असे वादळ पूर्वी पाहिलेले नव्हते, सासऱ्यांकडून ऐकले होते. वादळाच्या मधोमध जो शांत भाग असतो त्याला आपण डोळा म्हणतो, आणि तो डोक्यावरून जात असता वादळ संपले असे समजून बाहेर पडलेली कितीतरी माणसे जगभर मेली आहेत. काकूंच्या सासऱ्यांनी हे कोठे वाचले असेल असे वाटत नाही. एक वाजून चाळीस मिनिटांनी वारा समुद्राकडून परत आला, आणि तो पहिल्यापेक्षा वाईट. पुढची कौले त्याने नेली. पडवीची भिंत आडवी झाली. आणि एक जुना माड मुळासकट उपटून मागच्या खोलीवर पडला. ज्या जागी सकाळी आईसाठी सतरंजी घातली होती त्या जागी माडाचे खोड होते. सव्वातीनला दार उघडले. वहीत पुढचे वाक्य एवढेच आहे की, घरातून समुद्र दिसला. त्या घरातून समुद्र कधी दिसत नसे. मध्ये वाडी होती.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ह्या सहा माणसांच्या सहा हकीकती एकमेकींशी जुळत नाहीत. आई अजूनही म्हणते की दिवस मावळेपर्यंत वारा चालू होता. धाकट्या मुलीच्या मते सगळे तासाभरात आटोपले. भाऊ शपथेवर सांगतो की माड पहिल्याच वाऱ्यात पडला, आणि काकू म्हणत की दुसऱ्या. कोणी खोटे बोलत नाही. संकटात माणसाचे घड्याळ निराळे चालते. पण ह्या तंट्याचा निकाल वहीत आहे, आणि तो मोठा मनोरंजक आहे. चार तारखेस भावजयीने वाडीत फिरून पडलेल्या झाडांची मोजदाद केली. ती करताना शेंडा कोणत्या बाजूस, हेही तिने लिहिले. एका रकान्यात ‘समुद्राकडे’, दुसऱ्यात ‘डोंगराकडे’. समुद्राकडे शेंडा केलेली झाडे थोडी आणि ती सगळी खाली. डोंगराकडे शेंडा केलेली पुष्कळ, आणि ती वर रचलेली. म्हणजे आधी कोणता वारा आला, नंतर कोणता, आणि अधिक नाश कोणी केला, हे झाडांनीच लिहून ठेवले होते. माडाचा शेंडा डोंगराकडे होता. काकूंचे खरे ठरले.

दोन दिवसांनी, पाच जूनला वटपौर्णिमा होती. गावातला वड पडलेला. बायकांनी आडव्या वडालाच सूत गुंडाळले. ह्यावर भावजयीने काही टीका केलेली नाही. सूत कोणाकडचे आणले तेवढे लिहिले आहे.

आता त्यानंतरचे. वादळ चार तासांचे होते, त्यानंतरचे दीड वर्षाचे. आणि आमच्या मते खरे वादळ तेच. वर्तमानपत्रात चार तासांची हकीकत येते. वहीत चार तासांना अडीच पाने आहेत, आणि नंतरच्या काळाला एकशे साठ.

पाण्याची पहिली अडचण. विहीर तुडुंब भरलेली, पण पंप विजेवर चालणारा आणि विजेचे खांब रस्त्यात आडवे. विहिरीत पाने आणि मेलेले पक्षी. दोर शोधून पोहऱ्याने पाणी काढावे लागले. वीज त्या घरी दीड महिन्याने आली. दुसरी अडचण छपराची. जूनचा दुसरा आठवडा उजाडला आणि मोसमी पाऊस आला. तो काही कोणाच्या कौलांसाठी थांबत नाही. पत्रे, कौले आणि ताडपत्री यांना एकाच वेळी सर्व तालुक्यातून मागणी, तेव्हा भाव काय झाले असतील ते आपण समजू शकता. घराच्या एका कोपऱ्यात ताडपत्रीखाली सहा माणसे, आणि वर शासनाची सूचना की अंतर राखून बसावे. जूनच्या अखेरीस परवाना काढून आम्ही गाडी घेऊन गेलो. बरोबर ताडपत्र्या, औषधे आणि दोन पोती ज्वारी. ज्वारी पाहून काकू म्हणाल्या की वादळापेक्षा हिचे भय वाटते. त्यांचे दात गेलेले होते.

तिसरी अडचण कागदाची, आणि तिच्यावर थोडे थांबावयास हवे, कारण ती आपल्याही दारात येते. पाच जूनला त्या वेळचे मुख्यमंत्री अलिबागेस येऊन गेले आणि रायगड जिल्ह्यास शंभर कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर झाली. नंतर फळबागांच्या भरपाईचा दर हेक्टरी अठरा हजारांवरून पन्नास हजारांवर नेण्यात आला. ऐकावयास हा आकडा बरा वाटतो, आणि शासनाने दर वाढविला हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण हिशेब करून पाहू. एका हेक्टरात सुमारे शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला पाचशे रुपये. कोकणातल्या वाड्या हेक्टरांच्या नसतात, गुंठ्यांच्या असतात. काकूंची वाडी बारा गुंठ्यांची. म्हणजे सहा हजार. सुपारी शास्त्राप्रमाणे सव्वादोन-अडीच हातांवर नव्हे, तर 2.7 मीटरांवर लावतात. त्या हिशेबाने गुंठ्यात चौदा झाडे. म्हणजे एका उभ्या पोफळीची किंमत झाली पस्तीस-छत्तीस रुपये. जुन्या वाड्यांत झाडे याहून दाट आणि मध्ये नारळ, मिरी, जायफळ. तेथे ती आणखी उतरते. पडलेले झाड तोडून वाडीबाहेर काढण्यास मजूर किती घेईल? म्हणून बागाईतदारांची मागणी अशी होती की क्षेत्र मोजू नका, झाडे मोजा. ती मागणी आम्हांस पूर्णपणे न्याय्य वाटते. ज्वारीचे शेत गुंठ्याने मोजावे. पन्नास वर्षे जगणारे झाड झाडानेच मोजले पाहिजे.

त्यातही सहा हजार हाती येण्यास सातबारा स्वच्छ पाहिजे. काकूंच्या सातबाऱ्यावर अकरा नावे. काही मुंबईस, एक बडोद्यास, दोन स्वर्गवासी. मदत कोणाच्या खात्यात जमा करावयाची, तर सर्वांची संमतिपत्रे आणा. टाळेबंदीत ती आणावयाची कशी? पंचनाम्यास आलेले कर्मचारी भले होते, दिवसाला साठ-साठ घरे करीत होते. पण त्यांच्या छापील नमुन्यात जेवढे रकाने तेवढेच दुःख त्यांना लिहिता येत होते. आमचा भाऊ भाडेकरू. त्याचे घर नव्हे, वाडी नव्हे. कपाट, भांडी, मुलांची पुस्तके, आईचे औषध, दोन महिन्यांचे धान्य, हे सर्व माडाखाली गेले. त्याने आपले नाव घालण्याविषयी विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, घरमालकाच्या नावे घराची नोंद झाली आहे. म्हणजे सरकारी दप्तराप्रमाणे तीन जूनला त्या घरात आमची पाच माणसे नव्हतीच.

भावजयीच्या वहीचा उपयोग झाला तो येथे. झाडांची मोजदाद, तारीख, शेंड्यांची दिशा हे सगळे पाहून पंचनामा करणाराने काकूंच्या वाडीतल्या नारळांची संख्या दुरुस्त केली. कारण तो आला तोपर्यंत पुष्कळशी खोडे रस्ता मोकळा करण्यासाठी उचलली गेली होती आणि जमिनीवर मोजावयास काही उरले नव्हते. आमच्या माणसांसाठी मात्र वहीने काही केले नाही. भाडेकरूचा रकाना वहीने निर्माण होत नाही.

आता थोडे इतिहासाकडे वळू. कारण नोंद करण्याचा प्रश्न एका घराचा नाही. चक्रीवादळांच्या जगप्रसिद्ध याद्या पाहिल्या, तर त्यांत एक नोंद वर्षानुवर्षे आढळते: मुंबई, 6 जून 1882, मृत एक लाख. मोठमोठ्या पुस्तकांनी ती एकमेकांवरून उतरून घेतली. आता 1881 च्या शिरगणतीप्रमाणे मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास. त्यांतले लाखभर एका दिवसात गेले असते, तर मुंबईच्या प्रत्येक गल्लीत त्याचे श्राद्ध घातले गेले असते. मराठी, गुजराती, इंग्रजी वर्तमानपत्रे त्या काळी जोरात होती. कुलाब्याची वेधशाळा हवेचा दाब टिपीत होती. कोठे काही नाही. कोलंबिया विद्यापीठाचे ॲडम सोबेल आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईस असलेल्या वादळाच्या धोक्याचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला; त्यांच्याही मते हे वादळ झालेलेच नाही. न झालेल्या वादळाचे लाख मृत याद्यांत बसले आहेत, आणि झालेल्या वादळातली आमची पाच माणसे कोठे नाहीत. यावर हसावे की काय करावे ते आम्हांस कळत नाही. मात्र मुंबईला धोका नाही असा याचा अर्थ कोणी काढू नये. 1948 च्या नोव्हेंबरात मुंबईवर वादळ आले होते, आणि 2009 च्या नोव्हेंबरात ‘फयान’ मुंबईच्या दक्षिणेकडून किनाऱ्यावर चढले.

याच्या उलट उदाहरण कलकत्त्याचे. 5 ऑक्टोबर 1864 रोजी तेथे भयंकर वादळ झाले. हुगळीच्या मुखाकडून समुद्र आत चढला आणि हजारो माणसे बुडाली. पण गॅस्ट्रेल आणि ब्लॅनफर्ड या दोघांनी गलबतांवरच्या नोंदी आणि गावोगावची माहिती जमवून त्याचा सविस्तर अहवाल तयार केला. अशाच प्रयत्नांतून 1875 मध्ये भारताचे हवामान खाते उभे राहिले, आणि तोच ब्लॅनफर्ड त्याचा पहिला प्रमुख झाला. आज आपल्या हातातल्या फोनवर इशारा येतो त्याच्या मुळाशी त्या खलाशांची अक्षरे आहेत.

अमेरिकेतल्या गॅल्व्हेस्टन शहराची कथा तर घरातल्या माणसाने लिहिलेली आहे. तेथील हवामान कचेरीचा प्रमुख आयझॅक क्लाइन. समुद्राच्या वादळापासून गॅल्व्हेस्टनला मोठे भय नाही, असे त्याने 1891 मध्ये वर्तमानपत्रात लिहिले होते. 8 सप्टेंबर 1900 रोजी वादळ आले आणि हजारो माणसे मेली. सर्वसाधारणपणे आठ हजार म्हणतात. क्लाइनच्या मजबूत घरात शेजारीपाजारी आश्रयास आले होते. ते घरच लाटांनी कोसळले. तो, त्याचा भाऊ आणि तीन मुली लाकडांच्या ढिगावर कित्येक तास तरंगत राहून वाचल्या, पत्नी गेली. त्यानंतर काही दिवसांतच त्याने आपल्या खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यात पाण्याची उंची आहे, वाऱ्याची दिशा आहे, वेळा आहेत, आणि त्याच ओघात आपल्या घराचे काय झाले तेही आहे. तो अहवाल आजही अभ्यासिला जातो. असे लिहिण्यास कोणत्या मनाचा माणूस लागतो, याचा आम्ही पुष्कळ वेळ विचार केला आहे.

आता आपल्या गावाकडे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर दिवसामागून दिवस गारपीट झाली. हाताशी आलेला गहू, हरभरा, ज्वारी झोपली, मोसंबीच्या बागा सोलून निघाल्या. 2018 च्या फेब्रुवारीत पुन्हा जालना जिल्ह्यात गारा पडल्या. ह्या सभेत बसलेल्यांपैकी प्रत्येकाकडे त्या दिवसांची एक गोष्ट आहे. गार लिंबाएवढी होती की नारळाएवढी, यावर पारावर वाद होतात आणि दर वर्षी गार वाढत जाते! पण त्या दिवशी किती वाजता सुरू झाली, कोणत्या बाजूने आली, किती मिनिटे पडली, कोणत्या गटातले काय गेले, हे लिहिलेला कागद किती घरांत निघेल? सरकारी पंचनाम्यात क्षेत्र आणि टक्केवारी सापडेल. सालगड्याचे काय झाले, ते त्यात सापडणार नाही. कारण तोही आमच्या भावासारखाच, दुसऱ्याच्या रकान्यात राहणारा.

आमच्या घरच्या मंडळींचे पुढे काय झाले, ते विचारले जाईल म्हणून सांगतो. आई आमच्याबरोबर परत आली. तिला बरेच दिवस पंख्याचा आवाज सहन होत नसे. भावाने त्याच गावात दुसरे घर घेतले. 2021 च्या मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ गुजरातकडे जाता जाता कोकणाला घासून गेले, तेव्हा भावजयीने दोन दिवस आधी पाणी भरले, पत्र्यांना तार बांधली, मुलांची दप्तरे प्लॅस्टिकमध्ये घातली आणि वहीचे नवे पान काढले. त्या पानावर तीनच ओळी आहेत. त्यांतल्या तिसऱ्या ओळीत काकूंचा एक माड पडल्याचे आहे, शेंडा कोणत्या बाजूस तेही.

काकूंना संमतिपत्रांअभावी पूर्ण रक्कम मिळाली नाही. त्यांनी आपल्या खर्चाने पोफळीची रोपे लावली. पोफळ फळावर येण्यास सहा-सात वर्षे लागतात. लावणी चालू असता आमच्या भावाने सहज विचारले की एवढी घाई कशाला, आधी घर तरी पुरे होऊ द्या. काकू म्हणाल्या, घराला सावली लागते, मास्तर. रोपे किती लावली, कोणत्या ओळीत किती जगली आणि किती मेली, हे वहीच्या शेवटच्या आठ पानांवर आहे.

वही येथे टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी पाहावी. पाने जरा जपून उलटावीत, काही पाण्याने चिकटलेली आहेत. आणि 2014 च्या गारपिटीचा एखादा कागद, एखादा हिशेब, एखादे छायाचित्र कोणाच्या घरी असेल तर आम्ही उद्या दुपारपर्यंत गावातच आहोत.